जोडलेली उपकरणे : एक

परवा सकाळी आमच्या गल्लीत पुन्हा खोदाईचं पिवळं मशीन येऊन उभं राहिलं. विजय नगरात मे महिना लागला की कुठला ना कुठला रस्ता उकरायला निघतोच. या वर्षी पाण्याच्या पाइपसाठी, असं कळलं. मशीनच्या पंज्यानं डांबराचा पापुद्रा उचलला आणि खालची काळी, दमट माती वर आली. भर उन्हात असा ओलसर वास एरवी कुठून येणार? मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला पिळा तसाच राहिला आणि दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा त्या वासासरशी समोर आला.

जबलपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. सकाळी नऊलाच खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पाणी सोडायचं आणि घरभर तो हिरवा, मुळांचा वास पसरू द्यायचा. नर्मदेच्या रेतीत पिकलेली टरबुजं हातगाडीवरून येतात, त्यांच्या सालींना रेतीचे कण चिकटलेले असतात. अकरानंतर रस्ता पांढरा पडतो. कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली शिरतात. त्या वर्षी या सगळ्यात भर पडली ती शांततेची. खोदाईत आमच्या गल्लीची इंटरनेटची केबल तुटली, आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल टॉवरला जाणारी केबलही तिच्यासोबत गेली. टीव्हीचे आवाज थांबले. मोबाइलवर जेमतेम बोलणं व्हायचं, तेही तुटक. बाकी सगळ्याला नुसतं चाक फिरत राहायचं, पडद्यावर गोल गोल.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी शाळेत शिकवते, मे महिन्यात घरीच असते. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. तीसेक वर्षं त्यांनी रुळांच्या कडेनं धावणाऱ्या तारा सांभाळल्या. आई गेल्यावर ते राइट टाउनचं घर सोडून माझ्याकडे आले, आणि येताना एक पक्कड, एक टेस्टर आणि जुन्या तारेची वेटोळी एवढं सामान त्यांनी कपड्यांच्या आधी बांधलं होतं.

त्यांच्या तारांची एक आठवण माझ्या मनात फार खोल आहे. मी चौथीत असेन. नरसिंहपूरच्या बाजूला आमची पॅसेंजर मध्येच, दोन स्टेशनांच्या दरम्यान थांबली. ना फलाट, ना घर, नुसतं तुरीचं शेत. गार्डसाहेब एक लाकडी पेटी घेऊन उतरले. बाबाही उतरले आणि मला खाली घेतलं. दोघांनी मिळून बांबूचे तुकडे एकात एक बसवले आणि टोकाचे आकडे वरच्या तारांवर अडकवले. पेटीत फोन होता. बाबांनी तो माझ्या कानाला लावला. कुणीतरी गाडीचा नंबर सांगत होतं, दुसरं कुणी खोकत होतं, आणि तिसऱ्या माणसानं दूरच्या कुठल्याशा स्टेशनातून विचारलं, “चाय पी ली क्या?” मी वर तारेकडे पाहिलं. तिच्यावर एक नीळकंठ बसला होता, अगदी निवांत.

“सगळी स्टेशनं या एकाच तारेवर आहेत,” बाबा म्हणाले होते. “एक बोलते, सगळे ऐकतात.”

अंगावर काटा आला होता माझ्या. एवढी माणसं, आणि ती सगळी त्या करंगळीपेक्षा बारीक तारेत.

तर त्या उन्हाळ्यात केबल तुटल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा छतावर गेले. त्यांच्या फोनमधलं सिम वेगळ्या कंपनीचं, फार जुनं. ओवाळणीचं तबक धरावं तसा फोन पुढे धरून ते पाण्याच्या टाक्यांमधून फिरत राहिले. मदनमहालच्या टेकड्यांकडचा जो कोपरा आहे तिथे, कठड्याच्या वर हातभर फोन धरला, तर कुठल्याशा दूरच्या टॉवरची रेंज मिळत होती. हात खाली घेतला की गेली. कठड्याआड ठेवला तरी गेली.

हॉटस्पॉट कसा लावायचा हे त्यांना माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या निधीनं, मागच्या वेळी माहेरी आली तेव्हा, शिकवलं होतं. त्यांनी तो लावला, आणि जिन्याच्या वरच्या खोलीत, म्हणजे सावलीत, बसलेल्या माझ्या लॅपटॉपवर तीन दिवसांची पत्रं धडाधड येऊन पडली. बाबा कोपऱ्यातून ओरडले, “आलं काय?”

“आलं!”

“अच्छा?” त्यांचा विश्वास बसत नव्हता. “मधात तर काहीच नाही!”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते अकरा हा बाबांचा कामाचा वेळ झाला. बिल्डिंगमधली माणसं जिन्याच्या खोलीत येऊन बसत. कुणी फॉर्म भरायचं, कुणी कार्यालयाचं काम करायचं. समोरच्या फ्लॅटमधले तिवारीजी तर चटईच घेऊन येत. बाबा कोपऱ्यात स्टुलावर उभा केलेला एक जुना पंख्याचा स्टँड घेऊन बसत, त्यावर फोन बांधलेला. त्यांच्या फोनची भाषा त्यांनी हट्टानं मराठी ठेवलेली. पडद्यावर लिहून यायचं, ‘जोडलेली उपकरणे : चार’. मग पाच. मग सहा. बाबा तो आकडा मोठ्यानं वाचायचे. एकदा मी पाहिलं, ते फोन आणि तिवारीजींच्या लॅपटॉपच्या मधल्या मोकळ्या हवेत हात फिरवत होते, कोळ्याचं जाळं लागतं का हे चाचपावं तसा.

“काय शोधून राहिले, बाबा?”

“काही नाही गं. जिंदगी गेली तारा सांभाळण्यात. आंधी आली की तारा पाहा, चोरी झाली की तारा पाहा. अन् आता हे पाहा. आमचं कंट्रोलचं सर्किटच आहे हे, एक लाइन अन् सारी स्टेशनं. फक्त तार काढून टाकली कोणी तरी.” पुन्हा हात फिरवून म्हणाले, “मग ते जाऊन राहिलं तरी कशातून?”

मी विज्ञान शिकवते. लहरी, वारंवारता, सगळं मला फळ्यावर मांडता येतं. पण त्या सकाळी, रिकाम्या हवेत हात धरून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहताना मला एकाएकी वाटलं की आपण शिकवतो ते खरं असेल, पण त्याकडे आपण एकदाही असं पाहिलेलं नाही.

आता सरोजदीदींबद्दल सांगायला हवं. निधीची आई. दुसऱ्या मजल्यावर राहतात, ब्लाउज शिवतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि त्या बोलत नाहीत. नवरा निधी लहान असतानाच वारला. कापड कापायच्या काळ्या टेबलावर शिंप्याच्या खडूनं त्या आमच्याशी हिंदीत लिहून बोलतात, आणि बोलणं संपलं की तळहातानं पुसून टाकतात. निधीला मात्र ऐकू येतं. ती पाच वर्षांची असल्यापासून दारात आलेल्या प्रत्येकाचं बोलणं हातांच्या खुणांनी आईला सांगायची आणि आईचं उत्तर तोंडानं बाहेर. भाजीवाला, वीजवाला, डॉक्टर, सगळ्यांशी.

निधी माझ्या वर्गात होती. एकदा पालकांच्या बैठकीत मी तक्रार केली, “निधी वर्गात फार बोलते.” आता माझी तक्रार आईला सांगणार कोण, तर निधीच. तिनं बोटं हलवली. सरोजदीदी माझ्याकडे पाहून प्रसन्न हसल्या आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मला खात्री होती की पोरीनं भलतंच सांगितलं. मी दटावून विचारलं, “मम्मी क्या बोलीं?”

निधी खाली मान घालून म्हणाली, “मम्मी बोल रही हैं, बोलने दीजिए मॅडम. दोनों का बोलती है.”

त्यानंतर मी तिला वर्गात कधी गप्प बस म्हटलं नाही.

लग्न होऊन निधी रायपूरला गेली आणि मायलेकींचं बोलणं व्हिडिओवर आलं. रोज दुपारी सरोजदीदी फोन शिलाई मशीनला टेकवून ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी लेकीशी गप्पा मारायच्या. केबल तुटली तेव्हा आमचं निदान फोनवर ‘हॅलो, हॅलो’ चालू होतं. सरोजदीदींचं ते सुद्धा नव्हतं. आठ दिवसांत त्या लेकीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि निधीचे दिवस भरत आले होते. आम्ही सगळे आपापल्या कामांसाठी छतावर चढत होतो, पण त्यांना वर बोलवावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. निधीचा नवरा पंकज. आवाज तुटत होता.

“आंटीजी, निधी को भर्ती किया है. डॉक्टर बोल रहे हैं अभी ऑपरेशन करना पड़ेगा. वो एक ही बात बोल रही है, मम्मी को दिखाओ. आप कुछ कर सकती हैं क्या?”

तीन आठवडे आधी. रायपूरची गाडी संध्याकाळी. मी खाली पळाले. सरोजदीदी कात्री घेऊन अस्तर कापत होत्या. मी टेबलावर लिहिलं. त्यांनी वाचलं आणि कात्री अगदी हळू, आवाज होऊ नये अशी खाली ठेवली. ज्यांना आवाज ऐकू येत नाही त्यांनी कात्री इतकी जपून ठेवावी याचं मला त्या घाईतही आश्चर्य वाटलं. मग त्यांनी खडू घेऊन एकच शब्द लिहिला, ‘कैसे?’

मी वर बोट दाखवलं.

छतावर बाबा सामान आवरत होते. ऐकल्याबरोबर म्हणाले, “मग काहून थांबून राहिली? चलो.” जिन्याच्या खोलीत तिवारीजी कुठल्याशा मीटिंगमध्ये होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, “सर, मेरा नेट जा रहा है,” म्हणून लॅपटॉप मिटला आणि उठून जागा दिली. बाकीच्या दोघांनीही आपापले फोन काढून घेतले, सगळी लाइन सरोजदीदींना मिळावी म्हणून.

मी म्हटलं, “बाबा, तुमच्याच फोनवरून लावू या ना.”

“अन् तिनं हात कुठे हलवावे? इथे कठड्यावर? या उन्हात पडदा तरी दिसते काय?” खरंच होतं. सरोजदीदींना दोन्ही हात मोकळे हवे होते, सावली हवी होती, आणि रेंज तर उन्हातच होती. मी सरोजदीदींचा फोन खोलीत स्टुलावर, रंगाच्या एका डब्याला टेकवून ठेवला. त्या समोर जमिनीवर बसल्या. पंख्याच्या स्टँडवर रेंज मिळेना, वारा फिरला होता की काय कोण जाणे. बाबांनी फोन सोडवला आणि हातात उंच धरला. आणखी थोडा उंच.

“जोडलेली उपकरणे, एक,” ते म्हणाले.

आणि निधी आली. फिकट चेहरा, हिरवा गाऊन. एका हाताला सलाइन लावलेली, म्हणून बोलायला एकच हात. तिचे शब्द अर्धेच उमटत होते आणि उरलेला अर्धा भाग सरोजदीदी आपल्या हातानं पुरा करत होत्या. मला ती भाषा येत नाही. मला दिसलं ते एवढंच की लेकीची बोटं घाईत अडखळत होती आणि आईची अजिबात नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला, श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. रायपूरच्या त्या खोलीत निधी त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागली.

खोलीतली छत्री घेऊन मी उठले. खोली आणि बाबा यांच्यामध्ये दहा-बारा पावलांचं छत. त्यावरून चालत जायचं आणि माझे पाय उचलेनात. या एवढ्या रिकाम्या जागेतून आत्ता त्या दोघींचे हात ये-जा करत होते. आरपार. मी मधून गेले तर? मी, बारावीपर्यंतच्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, खाली वाकले आणि कडेकडेनं, भिंतीला धरून गेले. देवळात कुणी डोळे मिटून बसलेलं असताना आपण जातो तशी.

बाबांच्या डोक्यावर ओला टॉवेल होता, खिशात लू, उन्हाची झळ, लागू नये म्हणून कांदा. वय शहात्तर. मी त्यांच्यावर छत्री धरली.

“मला नको. फोनला धर. तापला की बंद पडते तो.”

“बाबा, तुम्हाला ऊन लागेल. द्या इकडे, मी धरते.”

“हात बदलला अन् तुटलं तर?”

मी छत्री वर केली. सावली फोनवर पडली आणि बाबांच्या कपाळापर्यंत आली, खाली नाही. पाचेक मिनिटांनी त्यांचा हात किंचित उतरला. आत निधीचं चित्र थिजलं, हात हवेत, शब्द अर्धा. सरोजदीदी हाक मारू शकत नव्हत्या. त्यांनी फक्त वळून बाबांकडे पाहिलं. बाबांनी तो चेहरा पाहिला आणि डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू देऊन फोन पुन्हा वर नेला. निधीचा हात हलला.

मग तिला आत नेलं. पडद्यावर दवाखान्याची भिंत आणि पंकजची हनुवटी. पुन्हा लागेल न लागेल म्हणून त्यानं फोन चालूच ठेवला. किती वेळ गेला मी मोजला नाही. टेकड्या उन्हात थरथरत होत्या. खाली खोदाईचं मशीन धडधडत होतं. बाबांच्या कानामागून घाम ओघळून सदऱ्यात जात होता. सरोजदीदी भिंतीचं ते चित्र पापणी न हलवता पाहत होत्या.

एकाएकी आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, जोरदार. पडद्यावर हिरव्या फडक्यात एक लालबुंद चेहरा, सगळं तोंड उघडलेलं. पंकज ओरडत होता, “बेटी है! दोनों ठीक हैं!”

मी छत्री टाकून धावले, या वेळी मधूनच, आणि खोलीत पडलेल्या एका वहीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बेटी. दोनों ठीक.’ पण सरोजदीदी वाचत नव्हत्या. त्यांनी फोन उचलला होता. त्या बाळाचं उघडं तोंड पाहत होत्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी माझ्याकडे पाहून आवाज वाढवायची खूण केली. मी पुरता वाढवला. मग त्यांनी फोनची मागची बाजू आपल्या तळहातावर दाबून धरली आणि डोळे मिटले. फोन त्या रडण्यानं थरथरत होता. नातीचा आवाज रायपूरहून आकाशात, तिथून बाबांच्या हातात, आणि त्या उन्हातून चालत येऊन आजीच्या तळव्यात पोचला होता. त्या तो ऐकत होत्या. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

फोन माझ्या हातात देऊन त्या अनवाणी, तापलेल्या छतावरून बाबांकडे गेल्या. बाबा अजून हात वर करून उभे. सरोजदीदींनी आपला उजवा तळहात डोक्यावर आडवा धरला, मग बोटं दोनदा स्वतःकडे ओढली. बाबांनी खाली वाकून डाव्या हातानंच नमस्कार केला आणि जागचे हलले नाहीत. मग त्याही हलल्या नाहीत. बाबांचा फोन तापून आपोआप बंद पडला तेव्हा कुठे दोघं खोलीत आली. सरोजदीदींनी बाबांचा आखडलेला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ चोळत राहिल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या रायपूरला गेल्या.

दोन वर्षं बाबा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतात. शेवटी ती खूण करून दाखवतात आणि म्हणतात, “ती म्हणाली, तुम्ही माझ्यावर आभाळाएवढं केलं.” मलाही तोच अर्थ वाटायचा. सांगायला निधी तिथे नव्हती, आणि अशी गोष्ट खडूनं कोण विचारणार?

खोदाई सुरू झाली त्याच दिवशी निधी लेकीला घेऊन माहेरी आली आणि संध्याकाळी तिघी आमच्याकडे आल्या. पोरगी खुर्चीखालून कूलरच्या पाण्यात हात घालत होती. बाबांनी गोष्ट काढली, खूण केली. निधी गोंधळली. तिनं आईला विचारलं, आईनं पुन्हा करून दाखवली.

“काकाजी,” निधी हसायला लागली, “मम्मी ने बोला था, धूप लग रही है, छाँव में आ जाइए.”

मी हसले. बाबाही हसले, “अन् मी नमस्कार करून राहिलो!” निधीनं ते आईला सांगितलं तेव्हा सरोजदीदी तोंडाला पदर लावून हसल्या.

बाबांचं हसू हळूहळू ओसरलं. ते सरोजदीदींकडे पाहत राहिले, त्या उन्हाळ्यात छतावर रिकाम्या हवेकडे पाहत होते तसे.

“नंदा,” ते म्हणाले, “तिकडे पोरीचं पोट फाडलेलं, हातात नुकती जन्मलेली नात, अन् तिला माझं ऊन दिसलं?”